एकच पुरावा, दोन न्यायालयं

रत्नागिरी असो की गुवाहाटी, आपल्याकडे पुराव्याचा कायदा एकच. अमेरिकेत मात्र एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर दोन न्यायालयं असतात, एक राज्याचं आणि एक संघराज्याचं म्हणजे फेडरल. एका इमारतीत ग्राह्य ठरलेला पुरावा दुसरीत ज्युरीच्या कानावरही पडू देत नाहीत! असं कसं?

कारण तिथं प्रत्येक राज्याची न्यायव्यवस्था स्वतःची आहे. फेडरल पुरावा नियम १९७५ साली लागू झाले. कॅलिफोर्नियाची संहिता त्याआधीची, १९६७ची. न्यूयॉर्कमध्ये तर आजही सलग संहिता नाही; बरेचसे नियम जुन्या निकालांमधून शोधावे लागतात.

खरी कमाल दिसते ती तज्ज्ञांच्या साक्षीत. वॉशिंग्टनमध्ये फ्राय नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी त्याचा रक्तदाब मोजून ठरवलं, हा खरं बोलतोय. १९२३ साली अपील न्यायालय म्हणालं, त्या क्षेत्रात सर्वमान्य झालेलं शास्त्रच इथं चालेल. चाचणी बाहेर! (हेच मार्स्टन पुढे वंडर वुमनचे जनक झाले. तिच्या सोनेरी दोरात सापडलेल्याला खोटं बोलताच येत नाही.)

ही कसोटी सत्तर वर्षं टिकली. १९९३ साली डॉबर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेडरल न्यायाधीशांना सांगितलं, नुसती सर्वमान्यता पाहू नका. पद्धत तपासून पाहिली आहे का, चुकण्याचं प्रमाण किती, हे तुम्ही स्वतः बघा. आणि आता पाहा, देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल राज्यांवर बंधनकारकच नाही! तो राज्यघटनेचा नव्हे, फेडरल नियमांचा अर्थ होता ना. न्यूयॉर्क आणि इलिनॉय फ्रायलाच धरून राहिले. फ्लोरिडात विधिमंडळानं २०१३मध्ये डॉबर्ट आणलं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ते नाकारलं आणि न्यायाधीश बदलल्यावर २०१९मध्ये स्वीकारलं. न्यू मेक्सिकोत तर लाय डिटेक्टरचे निष्कर्ष पुराव्यात घेण्यासाठी खास नियम आहे. मार्स्टन तिथं असते तर?

ज्युरीचंही तसंच. गंभीर फेडरल फौजदारी खटल्यात बारा जण बसतात. फ्लोरिडात देहदंडाचा गुन्हा नसेल तर सहा पुरतात. ओरेगॉनमध्ये बारापैकी दहा जणांच्या मतानंही माणूस दोषी ठरायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रामोस निकालानं ते थांबवलं; हा अर्थ मात्र राज्यघटनेचा होता, म्हणून राज्यांवरही बंधनकारक.

मला सगळ्यात थक्क करतो तो मात्र एरी रेल्वेचा खटला. १९३४ साली पेनसिल्व्हेनियात रुळांच्या कडेनं घरी चाललेल्या टॉम्पकिन्सना धावत्या मालगाडीतून बाहेर आलेलं काहीतरी लागलं आणि हात गेला. वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांतले असले की दिवाणी दावा फेडरल न्यायालयात नेता येतो. त्यांनी तो न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात नेला. ज्युरीनं ३०,००० डॉलर दिले. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अशा दाव्यात भांडी आणि रीत फेडरल न्यायालयाची, पण शिधा राज्याचा. हक्क आणि जबाबदारी राज्याच्याच कायद्यानं ठरवायची. आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात रुळांलगत चालणाऱ्याबद्दल रेल्वेची जबाबदारी नावापुरतीच होती. टॉम्पकिन्सना एक डॉलरही मिळाला नाही.