अंगठ्याचे हाड आणि आपले चालणे

चालताना आधी टाच टेकते. मग सगळा भार चवड्यावर येतो. शेवटी अंगठा जमीन रेटतो आणि पाऊल पुढे पडते. म्हणून अंगठा दुखू लागला, की चालणे अडते. चालणे अडले, की कामही अडते.

काही जणांचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलतो. त्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, टेंगूळ दिसू लागते. लोक म्हणतात, "हाड वाढलं." पण तिथे नवे हाड उगवलेले नसते. अंगठ्यामागचे लांब हाड एका बाजूला सरकते आणि अंगठा दुसऱ्या बाजूला वळतो. मधला सांधा बाहेर डोकावतो. तोच हा उंचवटा. डॉक्टर याला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात. हे कुरूप नव्हे. घरी ब्लेडने कापायला मुळीच जाऊ नका.

हे कशाने होते? पुष्कळदा ते घराण्यातून येते. आईचे पाऊल तसे, तर लेकीचेही तसे होऊ शकते. बायकांत हे अधिक आढळते. दुसरे कारण पादत्राणाचे. हाँगकाँगमध्ये दोन डॉक्टरांनी लोकांची पावले तपासली आणि १९५८ साली त्याची माहिती छापली. बूट घालणाऱ्यांत शंभरात ३३ जणांचा अंगठा कललेला होता. अनवाणी राहणाऱ्यांत शंभरात जेमतेम दोघांचा! म्हणून काय अनवाणी फिरायचे? नाही. काटा, काच, जंत यांचे भय आहेच. वहाण घाला, पण ती पुढे रुंद आणि टाचेला बुटकी असू द्या.

अंगठा दुखू लागला, तर पहिला उपाय हाच. उंचवट्यावर मऊ गादी लावली, तर घासणे कमी होते. याने आराम पडतो. कललेला अंगठा मात्र सरळ होत नाही.

मग शस्त्रक्रिया केव्हा करावी? पाय नुसता बेढब दिसतो, दुखत नाही, तर करू नये. पण रुंद वहाण घालूनही दुखते, बाजारापर्यंत जाववत नाही, कामावर उभे राहवत नाही, असे झाले तर डॉक्टरांना पाय दाखवा. पुष्कळ बायका म्हणतात, "पायाचं काय एवढं? सोसायचं झालं." सोसू नका. अशा पायाने म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचे भयही वाढते.

शस्त्रक्रियेने गुण येतो का? फिनलंड देशात २०९ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला बुटात घालायचा आधार दिला. तिसऱ्याला काहीच उपचार दिले नाहीत. सहा महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्यापेक्षा कमी होते. वर्षानंतर मात्र शस्त्रक्रिया झालेलेच अधिक बरे होते. ही माहिती २००१ साली प्रसिद्ध झाली.

शस्त्रक्रियेत अंगठ्यामागचे हाड कापून जागेवर सरकवतात आणि बारीक स्क्रूने किंवा तारेने पक्के करतात. पुष्कळांना त्याच दिवशी घरी सोडतात. पण हाड जुळायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर पाय उंचावर ठेवायचा, कडक तळाचा खास बूट घालायचा. सूज तर कित्येक महिने राहते.

तेव्हा तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. पाणी कोण भरील? चूल कोण पाहील? मजुरी बुडेल, तिची सोय काय? पेरणी-कापणीचे दिवस टाळा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. विडी-सिगारेट सोडा, कारण तिने हाड उशिरा जुळते.

धोकाही समजून घ्या. जखम चिघळू शकते. अंगठा ताठर किंवा बधिर होऊ शकतो. काही जणांचे दुखणे तसेच राहते, किंवा अंगठा काही वर्षांनी पुन्हा कलतो. हे सारे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. विचारण्यात संकोच कसला? पाय आपला आहे.

आणि डॉक्टरांना नुसते "दुखतं" म्हणू नका. किती चालवते, किती वेळ उभे राहवते, कोणते काम सुटले, हे सांगा. शस्त्रक्रियेनंतरही हेच पाहा. अंगठा किती सरळ दिसतो, याला महत्त्व थोडे. सुटलेले काम पुन्हा हाती आले, तर पाय बरा झाला म्हणायचे.