रूळ शेवटी कापायचे

छोट्या आगगाडीचा छंद म्हटला की परदेशी इंजिनांची महागडी खोकी आणि ती मांडायला अख्खी रिकामी खोली, असे चित्र उभे राहते. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले तर ही समजूत पक्कीच होते. पण या छंदाची आणखी एक शाखा आहे, घडी घालून कपाटामागे सरकवायच्या मांडणीची, आणि तिची सारी गंमत जागेच्या टंचाईतून आली आहे. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली ब्रिटनच्या ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात ‘मायनोरीज’चा आराखडा दिला: शहरातले शेवटचे स्थानक, सात फुटांच्या आत, मधोमध दुमडून पेटीसारखे बंद होणारे. ॲलन राइट यांचे ‘इंगलनुक सायडिंग्ज’ त्याहून काटकसरी. दोन सांधे, तीन सायडिंग. एकीत पाच मालडबे मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठ डब्यांच्या चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. असे क्रम होतात ६,७२०. विकत घ्यावे लागतात ते दोन सांधे, थोडे रूळ, एक इंजिन आणि डबे. बाकीचे सगळे भंगारवाल्याकडे आणि परसात मिळते.

हा नाइलाज समजला जातो. माझे मत उलटे आहे. डोळ्याला दिसणाऱ्या भागात या वस्तू विकतच्या मालापेक्षा सरस ठरतात, कारण दगडाचा कपचा मोठ्या कड्यासारखाच फुटतो आणि फांदीचे टोक झाडासारखेच फाटे फोडते. वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी सुटी करून डहाळीवर चिकटवली की झाडाचा घेर येतो. काथ्याचे धागे कापून उभे रोवले की उन्हाळी गवत होते. चहाचा चोथा सुकवून पसरला की ओली माती दिसते. कोरुगेटेड खोक्याचा वरचा कागद सोलला की आतल्या नाळ्या म्हणजे गोदामाचे पत्रे. कारखान्यातले तयार झाड मात्र शेजारच्या झाडाचे जुळे असते आणि ते तसे दिसतेही. अर्थात निसर्गाचे सगळेच चालत नाही. अख्खे पान मांडणीवर ठेवले तर ते होडीएवढे भासते. तेच कुस्करून चाळले की जंगलाची जमीन.

हे कुजेल, असा पहिला आक्षेप येतो. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये १९९२ पासून नाताळाच्या सुमारास भरणाऱ्या आगगाडी प्रदर्शनाकडे त्याचे उत्तर आहे. पॉल बसी या लँडस्केप वास्तुरचनाकाराने त्यासाठी न्यूयॉर्कच्या इमारती झाडाची साल, काटक्या, बिया आणि शेंगा यांतून घडवल्या. प्रदर्शन दरवर्षी मांडले जाते आणि मोसम संपला की उचलले जाते. नीट वाळवून वर लेप दिलेली साल टिकते. कुजते ती ओली असताना बंद केलेली.

खरी कसोटी डोळ्याला न दिसणाऱ्या जागी आहे. दोन फळ्या मिळतात तिथल्या जोडावर चाकाची कड रुळाच्या आत उतरलेली असते ती एक मिलिमीटरहूनही कमी. रुळांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडली तरी डबा उतरू शकतो. नवखे लोक प्रत्येक फळीवर वेगवेगळे रूळ काठापर्यंत घालतात आणि मग ते जुळवत बसतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी दोन्ही चौकटी शिकंज्यात आवळायच्या, बोल्टची छिद्रे दोन्हींतून एकदमच पाडायची आणि खीळ निघणाऱ्या पितळी बिजागऱ्यांचे एकेक पान दोन्हीकडे ठोकायचे. खीळ ओढली की फळ्या सुटतात, घातली की त्याच जागी परततात. जुन्या खिडकीची बिजागरी चालते, पण हातात धरून हलवून पाहावी; खुळखुळली तर परत भंगारात. मग काठावरचे प्लास्टिकचे स्लीपर काढून टाकायचे, कारण रुळाच्या टोकाला धक्का बसला की ते पहिले सुटतात. त्यांच्या जागी टाकाऊ सर्किट बोर्डाच्या तांबे शाबूत असलेल्या भागातून कापलेल्या पट्ट्या पक्क्या बसवायच्या. प्रत्येक पट्टीवरचे तांबे मधोमध कानशीने खरवडून तोडायचे, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना मिळून शॉर्ट होतात. आता अखंड रूळ जोडावरून आरपार न्यायचा, दोन्हीकडच्या पट्ट्यांना डाग देऊन धरायचा आणि सर्वांत शेवटी बारीक पात्याच्या करवतीने जोडाच्या रेषेवर कापायचा. दोन्ही टोके एकाच रुळाची असल्याने ती समोरासमोर येतातच.

एवढ्या खटाटोपापेक्षा पितळी डॉवेलची जोडी विकत घ्यावी, असे कोणी म्हणेल. जरूर घ्यावी. भंगाराचे व्रत कोणी घेतलेले नाही. मोजमापात सूट नाही, एवढेच.

आपल्याकडच्या अडचणी मात्र पुस्तकांत फारशा सापडत नाहीत. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असते, त्यामुळे ओढ्याची वाळू खडी म्हणून टाकली की मोटरचे चुंबक त्यातले कण ओढते आणि दातेचक्रे अडकतात. पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्या वाळूतून फिरवत राहावे, काळी पूड लागायची थांबेपर्यंत. माती तव्यावर भाजून घ्यावी. डोंगरासाठी कागद खळीने चिकटवला तर पावसाळ्यात कसर आणि झुरळे त्यावर जगतात. तिथे फेव्हिकॉलच हवा. खोक्याचे लाकूड आडव्या अंगाने फुगते, म्हणून ते चौकटीला उभेच कापावे आणि वरची फळी प्लायचीच असावी. ऊनही हिशेबात धरावे लागते: मीटरभर रूळ वीस अंशांच्या फरकाने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, तेव्हा रूळ भर उन्हाळ्यात कापले नसतील तर फट थोडी जास्त ठेवावी. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बारा व्होल्ट देतो खरा, पण एक डबा आडवा पडला की त्यातून इतका प्रवाह वाहतो की तारा वितळतात. फ्यूज न घालता तो जोडणे वेडेपणा आहे.

वाहतुकीचा पेच सर्वांत चिवट. फळ्या तोंडासमोर तोंड ठेवून, दोन्ही टोकांना प्लायच्या पाट्या आवळून नेतात, म्हणजे रुळांची टोके झाकली जातात. त्या पाट्यांची उंची वरचा डोंगर आणि त्याच्यासमोर उलटे लटकलेले सर्वांत उंच झाड मिळून ठरते, आणि त्या उंचीला रिक्षाचे दार मर्यादा घालते. म्हणून मीटरपट्टी आधी रिक्षाला लावावी लागते, डोंगर मग.