आजीचा विठू आणि ४८ तास

मरोळ-मरोशी रोडच्या आतल्या गल्लीत आमची चाळ आहे. तिथे सकाळी साडेसहाला सगळ्यांना उठवायचं काम नऊ वर्षं विठूकडे होतं. विठू म्हणजे आजीचा पोपट. हिरवागार, गळ्याभोवती गुलाबी पट्टा, मिरची दिली की खूश आणि दूधवाला आला की "कोण आलं, कोण आलं" सुरू. सायकलला पिंजरे लटकवून फिरणाऱ्या एका माणसाकडून आजीने तो पाचशे रुपयांना घेतला होता. तेव्हा त्याला धड पिसंही फुटली नव्हती.

गेल्या महिन्यात मी या पानासाठी 'हटके पेट्स' असा हलकाफुलका लेख करणार होते. कॉलेजमध्ये कुणाकडे काय आहे, एवढंच. माहितीसाठी म्हणून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडला आणि यादीत थेट आमचा विठूच सापडला. अनुसूची २. म्हणजे मी ज्यांच्याबद्दल लिहायला निघाले होते, त्यात आमचंच घर पहिलं!

आपल्याला वाटतं वन्यप्राणी म्हणजे वाघ, बिबट्या. आमच्याकडे तर आरे शेजारीच असल्याने बिबट्याच्या बातम्या नेहमीच्या. पण कायद्याच्या लेखी पोपटही वन्यजीवच आहे. कुत्रा, मांजर, गाय हे पिढ्यान् पिढ्या माणसासोबत वाढलेले प्राणी. पोपट मात्र झाडाच्या ढोलीत जन्मतो आणि तिथून उचलून आणला जातो. नऊ वर्षं पिंजऱ्यात राहिला म्हणून तो 'पाळीव' होत नाही. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर तर १९९०-९१ पासूनच बंदी आहे. मैना, मुनियासुद्धा त्यात आल्या.

२०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत. आधी अनुसूची ४ मध्ये असलेला पोपट २ मध्ये आला. त्याला बेकायदा ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'घरात ठेवलं की पैसा येतो' म्हणून विकलं जाणारं तारा कासव तर अनुसूची १ मध्ये आहे. तिथे शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं, शिवाय किमान २५ हजार दंड.

मी हे सगळं आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चोरून आणलाय का मी? पैसे मोजलेत!"

गंमत म्हणजे कायदा नेमका इथेच आडवा येतो. कलम ३९ नुसार असा वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते. त्यामुळे तो विकायचा हक्क त्या सायकलवाल्याला नव्हता आणि पैसे मोजून आजीही त्याची मालक झाली नाही. बरं, विकत न घेता समजा तुम्हाला वाटेत जखमी घार सापडली, तरी 'बरी होईपर्यंत ठेवू' असं आपलं आपण ठरवायचं नाही. असा प्राणी हाती आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं.

अमेठीच्या सारस पक्ष्याचे रील्स आठवतात? शेतात जखमी सापडलेल्या सारसाची एका तरुणाने सेवा केली आणि तो पक्षी त्याच्या बाइकमागे उडू लागला. पिंजरा नाही, साखळी नाही. तरीही मार्च २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी नेला आणि तरुणाला नोटीस गेली. तेव्हा माझ्या स्टेटसवरही तुटलेलं हार्ट होतं. नियत चांगली असली तरी नियम लागू होतो, हे मला विठूमुळे कळलं.

"मग हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटेंकडे बिबटे कसे?" हा माझ्या भावाचा प्रश्न. उत्तर सोपं आहे. तिथलं प्राण्यांचं अनाथालय हे मान्यता असलेलं बचाव केंद्र आहे. अशा जागांसाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. प्राण्यांची नोंद, डॉक्टर, जागा, सगळ्याचा हिशोब द्यावा लागतो. चाळीच्या गॅलरीला ती मान्यता मिळत नाही.

मग लव्हबर्ड्स, बजी, कॉकटेल? हे परदेशी पक्षी, त्यांना हा देशी प्राण्यांचा नियम लागत नाही. पण आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या, आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित परदेशी प्रजाती आता अनुसूची ४ मध्ये आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

एवढा कडक कायदा कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण एक पिल्लू बाजारात येतं तेव्हा ढोली फोडलेली असते. डब्यात कोंबलेली काही पिल्लं वाटेतच मरतात. जी जगतात त्यांचे पंख छाटले जातात. आपण घेतो म्हणून पुढच्या हंगामात ती माणसं परत झाडावर चढतात. आजीने दिलेल्या पाचशे रुपयांत हेही होतं.

"उघड पिंजरा, जाऊ दे त्याला आरेत," असं पप्पा म्हणाले. तेही चुकीचं. विठूला ना लांब उडता येत होतं, ना खाणं शोधता येत होतं. कावळ्यांनी किंवा मांजराने त्याला त्याच दिवशी संपवलं असतं. शेवटी आजीनेच विचारलं, "तुझ्या त्या कायद्यात फोन कुठे करायचा ते लिहिलंय का?"

फोन केला. पप्पा घाबरले होते, पण आलेल्या वनरक्षकाने शांतपणे माहिती लिहून घेतली. आधी तपासणी, मग मोठ्या पिंजऱ्यात उडायची सवय, जमलं तर मोकळं आकाश, असं त्यांनी सांगितलं. "आणि नाही जमलं तर?" आजीने विचारलं. "तर तिथेच, पण त्याच्यासारख्यांबरोबर." आजीने सोबत मिरच्या बांधून दिल्या. गाडी वळेपर्यंत विठू "कोण आलं" ओरडत होता.

आता चाळीत सकाळी मोबाइलचे अलार्म वाजतात. संध्याकाळी आरेच्या दिशेने पोपटांचे थवे जातात, तेव्हा आजी गॅलरीत येते. रिकामा पिंजरा भंगारात द्यायला ती अजून तयार नाही. मीही आग्रह करत नाही.

तुमच्याकडेही 'विठू' असेल तर...
- स्वतःहून सोडून देऊ नका. वनखात्याच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनला १९२६ वर फोन करा.
- जखमी पक्षी-प्राणी सापडला तर ४८ तासांच्या आत पोलीस किंवा वनखात्याला कळवा.
- दया येऊनही पिंजऱ्यातला देशी पक्षी विकत घेऊ नका. विक्रेत्याला त्यातून पुढचं गिऱ्हाईकच दिसतं.
- रील बनवण्याआधी फोन करा.