उन्हाचे दोन वाटे
बीड जिल्ह्यातील शेतशिवारांत सौरपंपांच्या सिलिकॉन-तबकड्यांवर जे ऊन पडते, त्यातील निळ्या-हिरव्या प्रकाशकणांची सिलिकॉनच्या 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गरजेपेक्षा जादा असलेली ऊर्जा उष्णतारूपाने खर्ची पडते, ही नासाडी मोठीच म्हणावी लागेल. टेट्रासीन या सेंद्रिय स्फटिकात मात्र प्रकाशाने उद्दीपित झालेला रेणू आपली सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शेजारच्या रेणूशी वाटून घेतो आणि एका ‘एकक’ अवस्थेतून प्रत्येकी सुमारे 1.25 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दोन ‘त्रिक’ अवस्था जन्मास येतात; हिशेबातील किंचित तूट भोवतालच्या उष्णतेतून भागते. उलटपक्षी, दोन त्रिक अवस्था परस्परांत विलीन होऊन अधिक ऊर्जेचा एकच प्रकाशकणही उत्सर्जित होऊ शकतो. त्रिक अवस्थांची ही ऊर्जा सिलिकॉनकडे पोहोचविता आली, तर वरील नासाडी कमी होईल; परंतु टेट्रासीन हवा व उजेड यांच्या संयोगाने बिघडते. मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षे तग धरील असा रेणू घडविणे, हेच माझ्या मते संशोधकांपुढील पहिले कर्तव्य आहे.