परतीच्या पाखरांबरोबर सकाळची फेरी

फेब्रुवारी सरत आला की मुंबईतले पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागतात. हिमालय, मध्य आशिया आणि त्याही पलीकडून थंडी काढायला आलेली ही पाखरे एप्रिलअखेरपर्यंत बहुतेक निघून जातात. लांबच्या पल्ल्याआधी ती भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, म्हणून या दिवसांत फुललेल्या झाडांवर त्यांची झुंबड असते. ती दाखवायला जाणकार माणसे सकाळी बागांमधून फेऱ्या काढतात.

आरोग्याच्या पानावर पाखरे कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या वस्त्यांत साखर आणि रक्तदाब घरोघरी आहे. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. पण चालायचे कुठे? गल्लीत दोघे समोरासमोर आले तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते.

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकर जागा. पूर्वी इथे शहराचा कचरा टाकत. त्यावर माती घालून झाडे लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज आत गर्द सावली आहे. तरीही आमच्या महिला मंडळातल्या बऱ्याच जणींनी फाटकाच्या आत पाऊल टाकले नव्हते. दुर्बिणी गळ्यात अडकवलेल्या लोकांची ती जागा, आपण गेलो तर कोणी हटकेल, ही धास्ती. मार्चच्या एका रविवारी आम्ही पंधरा-सोळा जण मिळून गेलो. कोणी हटकले नाही.

वाट दाखवणाऱ्या ताईंनी आधी पाच मिनिटे नुसते ऐकायला लावले. टुक् टुक् आवाज आला. पोरांना वाटले, कुठे तरी पत्रा ठोकताहेत. तो तांबट होता, बारा महिने इथेच राहणारा. पुढे पांगाऱ्यावर काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या पाखरांचा थवा कलकलत होता. ताई नाव सांगणार, तोच आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "या तर भोरड्या! जोंधळ्यात उतरल्या की कणसं रिकामी. लहानपणी माळ्यावर गोफण घेऊन बसायचो आम्ही." मग ताईंनीच आजींना प्रश्न विचारायला सुरुवात केली. उत्तरेत याच भोरड्या टोळ फस्त करतात आणि चीनच्या शिंजियांग प्रांतात त्यांनी यावे म्हणून मुद्दाम घरटी बांधून देतात, हे ताईंकडून कळल्यावर आजी बराच वेळ वर बघत राहिल्या. "आम्ही हाकलायचो, तिकडं घरं देतात!"

या फेरीत चाल संथ असते, पावलोपावली थांबावे लागते, त्यामुळे भरभर चालण्याची जागा ती घेणार नाही. प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल हवीच. पण गुडघ्यांमुळे घराबाहेरच न पडणाऱ्यांसाठी ही सुरुवात सोपी आहे. मनाचे म्हणाल, तर लंडनच्या किंग्ज कॉलेजने सुमारे १३०० लोकांची मोबाइलवरून केलेली पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला आढळला. नैराश्याचा आजार असलेल्यांतही हेच दिसले. औषध मात्र चालूच ठेवावे. मुलांनाही रोज उघड्यावर वेळ मिळाला तर चष्मा लागण्याचा धोका कमी होतो.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. भोरड्या, हळद्या, शेपूट हलवत चालणारा धोबी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास असतात. पाणी आणि टोपी हवीच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. आजारी किंवा मेलेल्या पाखराला हात लावू नका. आणि कबुतरांना दाणे टाकणे म्हणजे पक्षीप्रेम नव्हे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला बाधते.

एप्रिल उजाडला की जयंतीच्या तयारीत कोणाला सवड नसते आणि ऊनही चढते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधलाच रविवार ठरवावा. उद्यानाची वेळ आणि तिकीट आधी फाटकावर विचारून घ्या, आणि गावाकडे शेत राखलेले कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना बरोबर न्या.