लिनक्सवर प्रिंटर जोडताना

लिनक्समध्ये छपाईचं काम ‘कप्स’ ही प्रणाली सांभाळते. एअरप्रिंटची सोय असलेल्या प्रिंटरला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. प्रिंटर आणि संगणक एकाच वायफायवर असले, की सेटिंग्जमध्ये प्रिंटरचं नाव बहुधा आपोआप दिसतं. न दिसल्यास ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत लोकलहोस्ट, कोलन आणि 631 टाइप करा. कप्सचं पान उघडेल. तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये ‘ॲड प्रिंटर’ निवडा. एचपीच्या जुन्या प्रिंटरसाठी ‘एचपीलिप’ हे मोफत पॅकेज टाकावं. काही मॉडेलना त्यासोबत वेगळा प्लगइनही लागतो. प्रिंटर जोडल्यावर छापलेल्या चाचणीच्या पानावर मजकूर कडेला कापला गेला, तर कागदाचा आकार ‘लेटर’वरून ‘ए-४’ करा. नवा प्रिंटर घेणार असाल, तर खोक्यावर एअरप्रिंटचा उल्लेख आहे का, ते आधी पाहा.