'अनफिट'चा कागद

कंधारला बचतगटाच्या बैठकीला गेले होते. बैठक कसली, व्याजाचा हिशेब, दोन नव्या बायकांची नावं, मग चहा. सगळ्या उठल्या तरी एक जण मागे रेंगाळत राहिली. पस्तिशीची असेल. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "मॅडम, एवढं वाचून दावता का? इंग्लिसमंदी हाय."

हैदराबादच्या एका तपासणी केंद्राचा कागद होता. तिच्या नवऱ्याचा फोटो, नाव, पासपोर्टचा नंबर, आणि खाली एकच शब्द. अनफिट. कशामुळे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नवरा पाच वर्षं सौदीत ड्रायव्हर होता. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा, येताना ब्लँकेट, अत्तर, पोरांना चॉकलेट. पहिल्या मालकाकडचं काम सुटलं, दुसरा व्हिसा मिळाला, म्हणून पुन्हा मेडिकलला गेला. तिकडून आला तो गप्पच.

"एजंटानं पैसे बुडिवले म्हणतात. व्हिसा लटकला म्हणतात. सहा म्हैने झाले मॅडम, भाहीर ओसरीवर निजतात. काय इचारलं तर सांगनात." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "हे ते एड्सचं असतंय का हो?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. 'नाही हो, असं काही नसतं' म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं ठरलं असतं, आणि 'हो' म्हणायला तर त्या कागदात आधारच नव्हता.

नांदेड-लातूरकडची माणसं आखातात जातात, हे काही नवं नाही. कुणी ड्रायव्हर, कुणी मिस्त्री, कुणी हॉटेलात. त्यांच्या घरातल्या बाईला दोन शब्द पाठ असतात, व्हिसा आणि मेडिकल. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, बहारीन, ओमान या सहा देशांत कामाला जायचं तर त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच तपासणी करावी लागते. या केंद्रांच्या व्यवस्थेला पूर्वी सगळे 'गामका' म्हणत, आता तिचं नाव 'वाफिद' आहे. छातीचा एक्स-रे, काविळीच्या 'बी' आणि 'सी' विषाणूंची तपासणी, गुप्तरोगाची तपासणी, आणि एचआयव्ही. यातलं काहीही निघालं की शिक्का अनफिट. कधीकाळी टीबी होऊन पूर्ण बरा झालेला असेल, पण फुफ्फुसावर त्याचा जुना डाग दिसला, तरी अनफिट!

तिला मी हेच आधी सांगितलं. अनफिट म्हणजे एचआयव्हीच असं नाही. तिच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली. मग तिनंच विचारलं, "मग टीबीचा डाग असता तर सांगितलं नसतं का त्येनं?" याला काय बोलणार?

एचआयव्ही निघाला तर काय होतं, तेही सांगायला हवं. इथून जाण्याआधीच कळलं तर व्हिसा मिळत नाही. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते, मुदत वाढवतानाही होते. त्यात कळलं तर बहुतेक वेळा थेट परत पाठवणी. तिथल्या नागरिकाला तोच आजार झाला तर त्याला उपचार मिळतात. बाहेरून कामाला आलेल्याला विमानाचं तिकीट! परत पाठवताना नीट समजावून सांगणारं, त्याच्या भाषेत बोलणारं कुणी भेटेलच असं नाही. माणूस घरी येतो आणि 'कंपनी बंद पडली' म्हणून सांगतो. बायको विश्वास ठेवते. मग कधीतरी तिला दिवस जातात, सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची नेहमीची रक्ततपासणी होते, आणि घरात पहिलं नाव तिचं निघतं. पुढे काय होतं ते आपल्याकडच्या बायकांना मी सांगायला नको. नवरा पाच वर्षं परदेशात आणि बोट मात्र हिच्याकडे.

हे नियम फक्त आखातातलेच असं समजू नका. अमेरिकेनं १९८७ साली एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला दार बंद केलं. १९८९ मध्ये हान्स-पॉल व्हर्हूफ नावाचा एक डच गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला निघाला होता. मिनियापोलिसच्या विमानतळावर त्याच्या बॅगेत औषध सापडलं, तेवढ्यावरून त्याला कोठडीत टाकलं. परिषद कसली, तर एड्सच्याच विषयावरची! ग्रीनकार्डसाठीच्या तपासणीत ही चाचणी सक्तीची होती. आपल्याकडून लग्न होऊन तिकडे गेलेल्या कितीतरी मुलींनी ती दिली असेल, कशासाठी रक्त घेतलं तेही माहीत नसताना. ती बंदी उठली ४ जानेवारी २०१० रोजी. बावीस वर्षं गेली. त्याच वर्षी चीन आणि दक्षिण कोरियानेही आपले प्रवेशाचे नियम सैल केले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आजाराचं नाव घेऊन नव्हे, तर 'तुमच्या औषधाचा आमच्यावर खर्च किती' असा हिशेब मांडतात. कॅनडात नवरा-बायकोच्या नात्यानं जाणाऱ्याला या हिशेबातून सूट आहे. न्यूझीलंडनं २०२१ मध्ये एचआयव्हीला अशा खर्चिक आजारांच्या यादीतून काढून टाकलं. तरीही २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनं मोजलं तेव्हा ४८ देश-प्रदेशांत काही ना काही निर्बंध होते, आणि त्यातले १९ परक्या माणसाला या कारणावरून देशाबाहेर काढत होते.

आता कुणी म्हणेल, रोग येऊ नये म्हणून देश काळजी घेतात, त्यात वाईट काय? मलाही एकेकाळी असंच वाटायचं. पण हा काही शिंकेतून पसरणारा रोग नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून तो होत नाही. रोज गोळी घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो पुढे जात नाही, हे आता डॉक्टर ठामपणे सांगतात. मग अडवलं जातं ते रोगाला की माणसाला? उलट परत पाठवतील या भीतीनं लोक तपासणीच टाळतात, गोळ्या लपवतात, मध्येच सोडतात.

आणि दुसऱ्यांना नावं ठेवताना आपलंही बघावं. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानातून एचआयव्ही कळला म्हणून, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली धरून नेलं आणि ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. स्वतःच्याच राज्यात. त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढली ती त्याची आई, लुसी डिसोझा. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला 'सेवालय'मधली एचआयव्हीबाधित मुलं शाळेत आली म्हणून २००९ साली बाकीच्या पालकांनी आपली मुलं घरी ठेवली होती. परकं ठरवायला पासपोर्ट लागतोच असं नाही.

पण तिच्याकडे परत येते. तिनं विचारलं, "मग मी आता काय करू?"

आपल्याकडे एचआयव्हीबाधितांच्या हक्कांसाठी २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, नोकरीसाठी ती सक्तीची करता येत नाही आणि कुणाचा निकाल गावभर सांगता येत नाही. परदेशी सरकारनं व्हिसाला घातलेल्या अटीपुढे हा कायदा फारसा पुरत नाही, हे खरं. पण घरात तो पुरतो. बाधित म्हणून बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. हे मी तिला दोनदा सांगितलं. दोनदाच कशाला, तिनंच पुन्हा विचारलं म्हणून तीनदा.

मग म्हटलं, हा कागद त्यांचा आहे, तुम्ही तो चोरून दाखवलात. पुन्हा जागेवर ठेवा. भांडू नका, दिराला, सासूला मध्ये घेऊ नका. एक दिवस दोघं मिळून सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत जा. तिथे तपासणी फुकट होते. आधी समुपदेशक बोलतो, संशय आला तर वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासतात आणि मगच सांगतात. काही निघालंच तर नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एआरटी केंद्र आहे. या गोळ्या आपल्या देशात २००४ पासून सरकारतर्फे फुकट मिळतात. आता तर निदान झालं की लगेच सुरू करतात, पूर्वीसारखं शक्ती अमुक इतकी घटेपर्यंत थांबवत नाहीत. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस कामधंदा करतो, म्हातारा होतो. पोटातल्या बाळालाही बहुतेक वाचवता येतं. घरी कुणाशी बोलायची सोय नसेल तर १०९७ या नंबरावर फुकट फोन लागतो, रात्रीसुद्धा.

"आन् एजंट म्हणतोय, अजून चाळीस हजार द्या, दुसरीकडून फिट आणून देतो."

हे ऐकून मात्र माझा आवाज चढला. बाई, एक रुपया देऊ नका! इथे खोटं फिट मिळवलं तरी तिकडे उतरल्यावर पुन्हा रक्त घेतातच. पैसे एजंटाचे होतात आणि माणूस परत येतो, कर्ज तेवढं अंगावर. तिनं मान हलवली. दागिने मोडायचं आधीच ठरलं होतं, असं तिच्या गळ्याकडे गेलेल्या हातावरून वाटलं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. दोघं जाऊन आले होते. निघाले त्या सकाळी तो बसस्टँडवरून परत फिरला होता म्हणे. ती एकटीच बसमध्ये चढून बसली, तेव्हा मागून आला. तपासणीत काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही, ते त्या दोघांचं आहे. तिनं सांगितलं ते एवढंच, की तो आता कंधारमध्येच एकाचा टेम्पो चालवतो. बचतगटातून वीस हजार मिळतील का, हे विचारायला तिनं फोन केला होता. ठेवता ठेवता म्हणाली, "आन् मॅडम, थंडी वाढली ना, अंथरूण आत आणलंय त्यांनी."